स्वयंपाकघराला गोठ्याचं दार

आमच्या स्वयंपाकघराला शेळ्यांच्या गोठ्याचं दार आहे.

येणारे पाहुणे त्याच्याकडे बघतात, चहा पितात आणि बऱ्याचदा काही न विचारता निघून जातात. एखाद्याला राहवत नाही. मग माझी बायको सुमन पदर तोंडाशी धरून आत पळते आणि खुलासा करायचं काम माझ्यावर येतं. तोच इथे एकदाचा लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या पाहुण्याच्या हातात कागद देता येईल.

मी एसटीचा ड्रायव्हर होतो. जुन्नरहून निघून माळशेज घाट उतरायचा आणि परत चढायचा, यात माझी सगळी नोकरी सरली. धुकं, दरडी, वळणावर सेल्फी काढणारी मंडळी, सगळं पचवून मी विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळवला. एवढ्या वर्षांत माझ्या गाडीत कुणाला साधं टेंगूळ आलं नाही. (एकदा स्टँडवर एका कोंबडीचा पाय चेंगरला होता, पण ती विनातिकीट होती.) निवृत्तीनंतर तो बिल्ला मी हॉलमध्ये फ्रेम करून लावला. सुमनच्या मते त्या जागी देवाचा फोटो शोभला असता.

तर अशा माणसाला त्याची मुलगी फोनवर विचारते, "आण्णा, तुमचं घर सेफ आहे का?"

रोहिणी चाकणला असते. दोघंही नवराबायको कंपनीत कामाला, आणि त्यांचा मुलगा विहान, म्हणजे आमचा विहू, अडीच वर्षांचा. त्याला सांभाळणाऱ्या बाई अचानक गावी निघून गेल्या. आता दोनच वाटा होत्या. एक तर विहूला तिकडच्या पाळणाघरात घालायचं, नाहीतर शाळेत जाईपर्यंत आमच्याकडे ठेवायचं. रोहिणीचं मन पाळणाघराकडे झुकत होतं. तिथे म्हणे भिंतींनासुद्धा गाद्या लावलेल्या असतात. ती म्हणाली, रविवारी येते, घर बघते, मग ठरवते.

'घर बघते' हे ऐकून मला जरा लागलं. याच घरात ती रांगली, पडली, उठली आणि पुढे इंजिनिअर झाली. पण बोललो नाही. कारण आम्हाला विहू हवा होता. रोहिणी सासरी गेल्यापासून आमच्या घरात संध्याकाळी टीव्हीचा आवाज तेवढा असतो. दिवाळीत विहू चार दिवस येऊन गेला, तेव्हा सुमनने त्याच्या तेलकट हाताचा भिंतीवरचा ठसा पुसू दिला नव्हता. ती तो ठसा झाडताना-पुसताना चुकवायची आणि तिला वाटायचं की माझ्या ते लक्षात येत नाही. पाळणाघर झालं असतं तर आमच्या वाट्याला पुन्हा दिवाळीचे चार दिवसच आले असते.

म्हणून मी कामाला लागलो. पहिल्यांदा गाडी तपासतात तसं घर तपासायचं ठरवलं. पोराच्या नजरेनं बघायचं म्हणून हॉलमध्ये गुडघ्यांवर रांगत निघालो. सुमन दळण घेऊन आली तेव्हा मी टेबलाखाली होतो. तिने विचारलं, काय हरवलंय. मी सांगितलं, धोके शोधतोय. ती म्हणाली, उठता येत नसेल तर हाक मारा. (हाक मारावी लागली.)

धोके भरपूर सापडले. टेबलाच्या कोपऱ्यांना मी सायकलची जुनी ट्यूब कापून गुंडाळली. घरात पंक्चरच्या दुकानाचा वास सुटला. बाजारपेठेतल्या शेठजींकडून एवढ्या कड्या-कोयंडे आणले, की त्यांनी काळजीने विचारलं, घरात चोरी झाली का. बाहेरच्या दाराला अगदी वर, माझा हात पोचेल तिथे नवी कडी बसवली, म्हणजे पोरगं रस्त्यावर जायला नको. आणि मग आला माझा मुख्य सिद्धांत: जे धोक्याचं ते वर!

सुरी, विळी, कात्री, औषधं, काडेपेटी, लोणच्याच्या बरण्या, माझी हत्यारांची पेटी, सगळं हॉलच्या माळ्यावर गेलं. मोबाइलसुद्धा कपाटाच्या डोक्यावर ठेवायचे असा नियम केला. सुमन उंचीने बेताची. तिला लोणचं हवं असलं तरी मला हाक मारावी लागे. ती स्टुलावर चढून आपलं आपण काढायला लागली, तेव्हा माझ्या लक्षात आलं की स्टूल ही तर चढायची वस्तू, म्हणजे सगळ्यात मोठा धोका. मी ते माळ्यावर टाकलं. मग स्टूल काढायला स्टूल हवं झालं.

"अहो, घर नातवासाठी करताय की उंट पाळायचाय?" सुमनने विचारलं.

तिची स्वतःची तयारी म्हणाल तर एकच. कपाटातून तिने रोहिणीचे लहानपणचे चांदीचे वाळे काढले, चिंचेने घासले आणि त्यांची घुंगरं हलवून बघितली. पोराच्या पायात वाळे असले की ते कुठे आहे ते कळतं, आणि आवाज थांबला की हातातलं टाकून धावायचं, एवढं तिचं शास्त्र. मला हसू आलं. तिने माझ्या हसण्याकडे लक्ष दिलं नाही.

राहिलं स्वयंपाकघर. गॅस, उकळतं दूध, तापलेला तवा. त्याला मागचं दार नाही, एक गजांची खिडकी आहे, आणि पुढच्या चौकटीला आम्ही फक्त पडदा लावलेला. तिथे असं दार हवं होतं, की आतली बाई दिसावी पण बाहेरचं पोर आत जाऊ नये. सुतार म्हणाला, बघू, पंधरा दिवस लागतील. तेव्हा मला आठवला धोंडिबा.

धोंडिबा आणे गावच्या पठारावरचा, माझ्या गाडीचा जुना प्रवासी. त्याच्याकडे शेळ्या आहेत आणि आमच्या भागात शेळ्या आहेत म्हणजे बिबट्याचा घोर आहेच. म्हणून त्याच्या गोठ्याची दारं लोखंडी अँगलची, वरून खालपर्यंत बारीक जाळीची. बिबट्याचा पंजा काय, माणसाचं बोट आत जाणार नाही. आणि त्या दारांची खुबी म्हणजे कडी. दार लोटलं की ती आपल्या वजनाने खटकन पडते, कारण धोंडिबाचे दोन्ही हात चाऱ्याने भरलेले असतात. दिवाळीत विहूला आम्ही तिथे नेलं होतं. त्याने जाळीतून शेळ्यांना एकेक पान भरवलं आणि निघताना भोकाड पसरलं होतं.

धोंडिबाकडे एक जादा दार होतं. मी फोन केला तर गडी दुसऱ्या दिवशी टेम्पोत घालून घेऊनच आला. ड्रिल मशीनही त्याचंच. आम्ही दोघांनी मिळून चौकटीत ते असं बसवलं, की भिंत पडली तरी दार पडू नये. बोट चेंगरायला नको म्हणून फटींना मी आतून ट्यूब ठोकली.

कडी कुठल्या बाजूला घ्यायची, असं मी विचारलंही होतं. धोंडिबाने माझ्याकडे कीव येऊन बघितलं.

"डायवर, लई दारं बशिवली म्या," तो म्हणाला. "कडी बाहीरच्याच अंगाला आसती. आतल्याच्या हाती कडी दिली तर ऱ्हाईल का ते आत?"

मला पटलं. मी मान डोलावली. दोन म्हातारी माणसं, दोघंही आपापल्या धंद्यात पटाईत, आणि गोठ्यात जनावर आत असतं, इथे पोर बाहेर असणार आहे, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. सुमन तेव्हा बहिणीकडे गेली होती. पुढचे दोन दिवस ते दार नुसतंच उघडं, भिंतीला टेकून होतं. मीच तसं ठेवलं होतं. उद्घाटन रोहिणीसमोर करायचं होतं.

रविवारी रोहिणी सकाळच्या गाडीने आली. एका कडेवर विहू, दुसऱ्या हातात त्याची चाकांची छोटी बॅग, डब्यासारखी टणक, वर जिराफाचं चित्र. सुमन ती आत नेऊन कपडे लावायला लागली, तशी रोहिणी म्हणाली, "राहू दे आई, अजून ठरलं नाही." बॅग बाहेरच्या दाराजवळ उभी राहिली. सुमनने विहूच्या पायात वाळे घातले आणि तो छुमछुम करत घरभर फिरायला लागला. मी आल्याआल्या रोहिणीचा मोबाइल ताब्यात घेऊन कपाटावर ठेवला, बाहेरच्या दाराची वरची कडी लावली आणि पाहणी सुरू केली.

तिने ट्यूबचे कोपरे दाबून बघितले. स्टूल माळ्यावर का, हे विचारलं आणि उत्तर ऐकून पुढे सरकली. मोकळ्या हॉलमध्ये खाली एक वस्तू नव्हती, फक्त कोपऱ्यात पेपरवर सुमनने निवडायला घेतलेली मेथी होती. मी म्हटलं, मेथीने कुणाला इजा होत नाही. रोहिणी पहिल्यांदा हसली. मला वाटलं, घाट निम्मा उतरला.

"आता शेवटचं," मी म्हणालो आणि तिला स्वयंपाकघरात घेऊन गेलो. सुमन आत शिरा ढवळत होती. मी रोहिणीला गोठा, बिबट्या, जाळी, सगळं समजावून दिलं. मग दारापलीकडे उभ्या असलेल्या विहूला म्हणालो, "विहू बाळा, ढकल बरं दार."

विहूने ढकललं. खटाक!

"बघ," मी रोहिणीला म्हणालो, "आता कुणी उघडून दाखवावं."

रोहिणीने दार ढकलून बघितलं. मग सुमनने गॅस बंद केला आणि शांतपणे विचारलं, "अहो, कडी कुठंय?"

कडी पलीकडे होती. जाळीतून दिसत होती, छान चकाकत होती. आम्ही तिघं जाणती माणसं आत, आणि अडीच वर्षांचं पोर बाहेर, अख्ख्या घराचा मालक! मी जाळीत बोट घालून बघितलं, जात नव्हतं. लाटणं जात नव्हतं. उलथन्याची दांडी फटीतून जाईना, तिथे माझीच ट्यूब होती. जाळी कापावी तर हत्यारं माळ्यावर. मोबाइल कपाटावर. खिडकीतून शेजाऱ्यांना हाका मारल्या, पण बाजाराचा दिवस, सगळे भाजी आणायला गेलेले. आणि कुणी आलं असतं तरी बाहेरचं दार मीच आतून बंद केलं होतं. बिबट्यासुद्धा जिथे हरला, तिथे माझी काय कथा?

विहू मात्र खूश होता. तो जाळीला नाक लावून आमच्याकडे बघत होता. आधी आजीकडे, मग आईकडे, मग माझ्याकडे. त्याचा चेहरा उजळला. त्याने दिवाळीत हे बघितलं होतं. तो छुमछुमत कोपऱ्यात पळाला आणि मेथीची एक काडी घेऊन आला. जाळीतून ती बरोबर आत आली, माझ्या तोंडासमोर.

"आन्ना, खा."

मी म्हणालो, बाळा, कडी वर कर. त्याने हात वर केला, पण कडी वीतभर उंच राहिली. "खा," तो पुन्हा म्हणाला, जरा करड्या आवाजात.

"खा ना आण्णा," रोहिणी कानाशी पुटपुटली. "नाहीतर तो जाईल दुसरीकडे."

मी कच्ची मेथी खाल्ली. विहूने टाळ्या पिटल्या आणि दुसरी काडी आणली. तिसऱ्या काडीला त्याला आवाज हवा होता. माझा बिल्ला समोरच्या भिंतीवर होता, त्याच्याकडे बघत मी बें केलं. मग त्याने आईला खायला लावलं, आजीला लावलं, पण पसंती माझ्या बेंला जास्त होती. बाकी काही नाही, तरी तो आमच्या नजरेसमोर होता.

मेथी मात्र संपली. रिकामा पेपर त्याने उलटून बघितला आणि तो निघाला. छुमछुम करत हॉलच्या त्या टोकाला गेला, जिथलं जाळीतून दिसत नाही. आणि आवाज थांबला.

आता मला हे हसत सांगता येतं. तेव्हा मी जाळीला कान लावला. रोहिणी दोन्ही हात जाळीला टेकवून "विहू, विहू" करत होती आणि मला एकदम मोरी आठवली. मोरीच्या दाराला कडी लावायची राहिली होती. आंघोळीनंतर बादलीत पाणी होतं का? एवढं सगळं वर उचललं आणि भरलेली बादली खाली ठेवली? मी दाराला खांदा मारला. दार हललं नाही. दुसऱ्यांदा मारला.

"अहो, थांबा," सुमनने माझा दंड धरला. "बादली मी सकाळीच पालथी घातलीय. रोज घालते. रोहिणी लहान होती तेव्हापासून घालते."

 मी तिथेच फरशीवर बसलो. डोळ्यांत पाणी आलं ते लपवायला शेजारी डबासुद्धा नव्हता, सगळे डबे वर होते. सुमन माझ्याजवळ बसली, रोहिणीही खाली बसली आणि आम्ही तिघं कान देऊन ऐकत राहिलो.

झर्रर्र. चेनचा आवाज.

"बॅग उघडतोय," रोहिणी म्हणाली आणि तिने इतका मोठा श्वास सोडला की तो मला ऐकू आला. मग वाळे पुन्हा वाजले. छुम, छुम, आणि त्यामागे काहीतरी घासत आल्याचा आवाज. विहू जिराफाची बॅग ओढत आला. आतले कपडे, टोपी, गोधडी, सगळं वाटेत सांडत आलं होतं. बॅगेच्या तळाशी बिस्किटांचा पुडा होता, तो त्याने शेळ्यांसाठी शोधून काढला होता. पुडा काही जाळीतून जाईना.

रिकामी बॅग दारापाशी आडवी पडली होती. आम्ही तिघांनी एकाच वेळी तिच्याकडे आणि मग कडीकडे बघितलं.

"विहू," रोहिणी गोड आवाजात म्हणाली, "बॅग बंद कर. हां. आता तिच्यावर चढ, राजा."

विहूने आईकडे बघितलं. मग बोट नाचवत म्हणाला, "चढायचं नाही. पडतो."

शिकवण उत्तम होती. नाही कोण म्हणतं? रोहिणीने अर्धं वर्ष खपून त्याला हे पढवलं होतं. मी विनवलं, बिस्किटाचं आमिष दाखवलं (बिस्किटं त्याच्याच हातात होती), तो हलेना. चढायचं नाही म्हणजे नाही. आजोबांचा बिल्ला कुणाला मिळायचा असेल तर याला.

शेवटी सुमन पुढे सरकली. तिने विचारलं, "विहू, त्या शेळ्यांना बाहेर कोण सोडतं रे?"

"धोंडीबाबा."

"मग आज धोंडीबाबा कोण?"

विहूने विचार केला. मग छाती काढली, बॅगेवर हात टेकून, आधी एक गुडघा, मग दुसरा, असा सावकाश चढला. रोहिणी जाळीतून बोटं घालता येतील तर घालेन अशी उभी होती. त्याने कडी दोन्ही हातांनी वर ढकलली, मी दार जरासं लोटून धरलं आणि तो खाली उतरला. दार उघडलं.

रोहिणी झेपावली, पण त्याने तळहात दाखवून तिला थांबवलं. शेळ्या अशा उभ्याने बाहेर येत नाहीत. त्याचा हिशोब पक्का होता आणि आमची हुज्जत घालायची हिंमत नव्हती. मग आधी रोहिणी, तिच्यामागे सुमन आणि शेवटी मी, असे आम्ही गुडघ्यांवर रांगत हॉलमध्ये आलो. जाताना त्याने प्रत्येकाच्या पाठीवर थाप मारली. मला दोन मिळाल्या.

हॉलच्या मधोमध, सांडलेल्या कपड्यांत रोहिणीने त्याला घट्ट धरलं आणि ती हसायला लागली. हसता हसता रडली, मग पुन्हा हसली. मी खालमानेने बसलो होतो. म्हणालो, "पोरी, पाळणाघरच बरं. माझ्याच्याने नाही व्हायचं." हे मी मनापासून म्हणालो आणि म्हणताना सुमनकडे बघायचं टाळलं.

 रोहिणीने एक सदरा उचलला, घडी केला. मग दुसरा. मला वाटलं, बॅग भरतेय. पण ती घड्या घेऊन उठली आणि आमच्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवायला लागली.

"आण्णा," ती पाठमोरीच म्हणाली, "पाळणाघरात पोरासाठी मेथी कोण खाईल?"

मग वळून तिने अटी सांगितल्या. स्टूल खाली काढायचं, आईचा हात पोचेल असं घर करायचं, वाळे काढायचे नाहीत, आणि बादलीचं खातं आईकडे. दुपारच्या गाडीला निघताना तिने विहूला जवळ घेतलं. मला वाटलं, आजी-आजोबांना त्रास देऊ नको वगैरे सांगेल. ती म्हणाली, "आण्णा आत अडकले तर सोडायचं हं त्यांना." विहूने जबाबदारीने मान हलवली.

पुढच्या आठवड्यात धोंडिबा आला, कडी फिरवून आतल्या अंगाला घेतली. सगळा प्रकार ऐकून तो भिंतीला टेकून हसला. जाताना म्हणाला, "काय बी म्हना डायवर, दार मजबूत व्हतं."

आता सुमनने हॉलमध्ये देवाचा फोटो लावला आहे. बिल्ला माळ्यावर आहे. धोक्याची वस्तू, खाली नको. रोहिणी रोज संध्याकाळी फोन करते. पोर पडलं का, लागलं का, असलं काही ती विचारत नाही. फोन विहूच्या कानाला लावायला सांगते आणि विचारते, "आण्णांनी खाल्लं का रे?"

"खाल्लं," विहू सांगतो. आणि पोरगं खोटं बोलत नाही, कारण मेथीची शेवटची काडी तेव्हा माझ्या तोंडात असते.